म्हाताऱ्यांच्या आठ खाटा विखरू नका

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
मा. वैद्यकीय अधीक्षक
आणि रुग्ण कल्याण समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

महोदय, महोदया,

आमच्या उपजिल्हा रुग्णालयातला आठ खाटांचा वृद्ध कक्ष येत्या महिन्यापासून बंद करायचा निर्णय झाला आहे. तिथले रुग्ण पुरुष आणि स्त्री वैद्यकीय कक्षांत सामावून घ्यायचे, ज्यांना जास्त दिवस ठेवावं लागेल त्यांना जिल्ह्याला पाठवायचं आणि मोकळ्या झालेल्या सिस्टर अपघात विभागात व प्रसूती कक्षात द्यायच्या, असं ठरलं. कारणं तीन सांगितली गेली. कर्मचारी अपुरे आहेत. या कक्षातले रुग्ण फार दिवस राहतात. आणि या कक्षात विशेष असे काही उपचार होत नाहीत, जे होतात ते कोणत्याही कक्षात होऊ शकतात.

पहिलं कारण खरं आहे. दुसरंही खरं आहे. तिसरं मला मान्य नाही, आणि ते मान्य नाही म्हणूनच हे जाहीर पत्र लिहिते आहे.

मी या कक्षाची परिसेविका आहे. कक्ष सुरू झाला त्या दिवसापासून इथे इन्चार्ज आहे. त्याआधी माझी नोकरी प्रसूती कक्षात आणि अपघात विभागात गेली, त्यामुळे तिथली ओढाताण मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. शासकीय कर्मचाऱ्याने जाहीरपणे लिहिताना काय पाळायचं ते 1979 च्या वर्तणूक नियमांत दिलेलं आहे आणि ते मी वाचलेलं आहे. म्हणून या पत्रात रुग्णालयाचं नाव नाही, अधिकाऱ्याचं नाव नाही, कुणा रुग्णाची ओळख पटेल असं काही नाही. योग्य त्या मार्गाने अर्ज आधी दिला होता. त्याचं उत्तर आलं नाही. ज्यांच्यासाठी हा कक्ष आहे त्यांच्यातला एकही जण समितीच्या सभेत येऊन उभा राहू शकत नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने मलाच बोलावं लागतं आहे. आणि एक सांगून ठेवते: माझी आई याच तालुक्यातल्या खेड्यावर राहते, ऐंशीच्या घरात आहे. उद्या ती आंगणात पडली तर तिला इथेच आणतील.

आमच्याकडे कोण येतं ते आधी सांगते. एक आजार घेऊन येणारा म्हातारा माणूस मी फार क्वचित पाहिला आहे. न्यूमोनियासाठी आलेल्या बाबांना साखर असते, बीपीची गोळी चालू असते, एका डोळ्यात मोतीबिंदू असतो, कानाने ऐकू येत नाही, दात नसतात आणि मागच्या वर्षी ते दोनदा पडलेले असतात. मुलगा पुण्याला नाहीतर नागपूरला कंपनीत असतो. सून, मुलगी मजुरीला जातात. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की सोबत बसायला घरातलं कुणी राहत नाही, कारण एक दिवस बसलं की एका दिवसाची मजुरी बुडते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळतात. त्यातून गोळ्या, डायपर आणि डब्याचा खर्च भागत नाही हे वेगळं सांगायला नको.

न्यूमोनिया अँटिबायोटिकने बरा होतो. डॉक्टर ते लिहितात, आम्ही ते वेळेवर देतो, ते काम कोणत्याही कक्षात होईल हे कबूल. पण या वयाच्या माणसाला न्यूमोनियापेक्षा खाट जास्त लवकर संपवते. दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं तर निरोगी म्हाताऱ्या माणसाच्याही पायांतले जवळपास एक किलो स्नायू झडतात, असं अभ्यासात दिसलेलं आहे. आमच्याकडे येणारी माणसं निरोगी नसतात आणि त्यांच्या पायांत मुळात झडण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. चालत आलेला बाबा छातीतून बरा होतो आणि चौघांनी उचलून घरी न्यावा लागतो. कागदावर त्याच्यापुढे 'बरा होऊन सुट्टी' असंच लिहिलं जातं.

हे टाळायचं काम नर्सिंगचं आहे. नर्सिंग हाच इथला विशेष उपचार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचा तपशील आहे. पण तपशील वाचल्याशिवाय ते पटणार नाही, म्हणून थोडा वेळ मागते.

कूस बदलण्याचंच घ्या. ज्याला स्वतःहून वळता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. चोवीस तासांत बारा वेळा. आठपैकी पाच जण असे असले, आणि बहुतेक वेळा असतातच, तर साठ वेळा. प्रत्येक वेळी दोन माणसं लागतात, कारण एकट्याने ओढलं की चादरीवर कातडी घासते आणि बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात तिथेच होते. वळवताना नुसतं वळवायचं नसतं. माकडहाड, टाचा, खुब्याचं हाड, ऑक्सिजनची नळी लावली असेल तर कानामागची जागा, हे सगळं बघायचं असतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की कातडी लाल झाली का पाहा आणि बोटाने दाबल्यावर पांढरी होते का पाहा. आपल्याकडच्या उन्हात काम करून काळवंडलेल्या कातडीवर ती लाली दिसतच नाही. तिथे तळहाताची उलटी बाजू टेकवून बघावं लागतं: आजूबाजूपेक्षा गरम लागते का, टणक लागते का, की दलदलीसारखी मऊ लागते. माझ्या कक्षातल्या मुली हे रात्री अडीच वाजता टॉर्चशिवाय करू शकतात. एका महिन्याच्या ड्युटीवर आलेल्या सिस्टरला हे येत नाही. यात तिची चूक काही नाही. तिच्या बोटांना ती सवय व्हायला वेळच मिळालेला नसतो.

आम्ही ब्रेडन स्केल भरतो. 1987 पासून वापरात असलेलं साधं मोजमाप आहे: जाणीव, ओलावा, हालचाल, चालणं-फिरणं, खाणं आणि घासणं, अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज 6 ते 23 च्या मध्ये येते. 18 किंवा कमी आली की माणसाला बेडसोरचा धोका आहे असं धरायचं. दाखल होताना भरायचं आणि तब्येत बदलली की पुन्हा भरायचं. चाळीस रुग्णांच्या कक्षात एकटी सिस्टर हा कागद कधी भरणार?

आता खाणं. दात नसलेल्या, अर्धवट ग्लानीतल्या आजीला झोपल्या झोपल्या पाणी पाजलं की ते फुप्फुसात जातं. नातेवाईक मायेनेच पाजतात, त्यांना ठाऊक नसतं. तिला उठवून बसवायचं, पाठीला उशी द्यायची, हनुवटी जरा खाली घ्यायची, अर्धा चमचा पेज घालायची, गिळली का ते गळ्याकडे पाहायचं, मग दुसरा चमचा. खाऊन झाल्यावर अर्धा तास बसतं ठेवायचं. एका जेवणाला अर्धा-पाऊण तास जातो. हे करायला माणूस नसला की नाकातून नळी घातली जाते. गरज असो वा नसो, नळी घातली की वेळ वाचतो. मग ती नळी म्हातारी उपसून काढते म्हणून तिचे हात बांधले जातात.

हात बांधण्याबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. दाखल झालेला म्हातारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या रात्री एकाएकी बिथरतो, ओरडतो, सलाईन उपसतो, खाटेवरून उतरायला बघतो. घरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. बऱ्याचदा त्याला लघवी तुंबलेली असते, शौचाला चार दिवस झालेली नसते, ताप असतो, चष्मा घरी राहिलेला असतो, किंवा रात्रभर ट्यूबलाइट डोळ्यांवर असल्याने दिवस-रात्र कळेनाशी झालेली असते. कारण शोधून काढलं की बहुतेक माणसं हळूहळू ताळ्यावर येतात. बांधून ठेवलं की आणखी बिथरतात, मनगटं सोलवटतात, आणि सुटायच्या धडपडीत पडून खुबा मोडतात. आमच्या कक्षात कुणाला बांधत नाहीत. हा नियम मी केला आणि टीमने तो निभावला. निभावता आला कारण कुणीतरी त्या खाटेजवळ बसू शकत होतं. गर्दीच्या कक्षात, रात्री एका सिस्टरच्या भरवशावर हा नियम टिकणार नाही, आणि तिथे बँडेजने हात बांधणाऱ्या सिस्टरला मी दोषही देऊ शकणार नाही.

बिथरलेला माणूस निदान आवाज तरी करतो. त्याहून वाईट गत गप्प होणाऱ्याची. आमच्याकडे एक आजी होत्या. रोज पहाटे साडेपाचला चहासाठी सगळा कक्ष डोक्यावर घ्यायच्या. "काहून उशीर केला वो माय, च्या आणतं का नाही?" हे ऐकल्याशिवाय आमची नाईट संपत नसे. एके दिवशी त्या शांत पडून होत्या. बीपी ठीक, नाडी ठीक, ताप नाही. कुणीही म्हटलं असतं, बरं झालं, आज म्हातारीला झोप लागली. आमच्या आयाबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, सिस्टर, आजींनी आज चहा मागितला नाही. ड्युटीवरच्या मुलीने त्यांना हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटले. डॉक्टरांना बोलावलं, रक्त पाठवलं, सोडियम फार उतरलेलं निघालं. लघवीची गोळी चालू होती, त्यात खाणं कमी आणि दिवस उन्हाळ्याचे. गोळी थांबली, सोडियम हळूहळू वर आणलं आणि काही दिवसांनी चहाचं भांडण पुन्हा सुरू झालं. कोणत्याही मॉनिटरवर ते दिसलं नसतं. ती बाई रोज कशी असते हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनाच ते दिसलं. तुमच्या निर्णयानुसार ती आयाबाई प्रसूती कक्षात असेल आणि आजी तिसऱ्या रांगेतल्या कोपऱ्यात.

म्हणून मी आठ खाटांपेक्षा टीमबद्दल जास्त बोलते आहे. खाटा तुम्ही कुठेही हलवू शकता. या टीमला तयार व्हायला काही वर्षं गेली आहेत. यातल्या काही सिस्टर कायम आहेत, काही कंत्राटी, दोन कक्षसेवक आणि एक आयाबाई. आमची ड्युटी बदलताना हँडओव्हर टेबलावर होत नाही, खाटेजवळ होतो. औषध काय दिलं ते केसपेपरवर लिहिलेलंच असतं. आम्ही एकमेकींना वेगळं विचारतो: आज किती पावलं चालले, ताटात किती उरलं, पोट साफ झालं का, लेकीला ओळखलं का, पाठ कुणी पाहिली. हे प्रश्न मी नव्या मुलीला आठ दिवसांत पाठ करून घेऊ शकते. उत्तर ऐकून पोटात धस्स व्हायला मात्र वर्ष लागतं.

निंदण वेळेवर झालं की शेतात तण दिसत नाही. म्हणून निंदणाऱ्या बाया नकोत असं कुणी शेतकरी म्हणत नाही. आमच्या कक्षात बेडसोर दिसत नाहीत, कुणी पडत नाही, कुणाचे हात बांधलेले नाहीत, आणि तेवढ्यावरून इथे विशेष काही होत नाही असं ठरवलं गेलं आहे.

आता तक्रारी मांडते.

कर्मचारी अपुरे आहेत हे मान्य. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे साध्या (वैद्यकीय महाविद्यालय नसलेल्या) रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी आणि रजेसाठी राखीव वेगळ्या. आमच्या भागात हा निकष कुठल्याच कक्षात पाळला जात नाही. पण रिक्त पदं भरायची सोडून, जिथे काम नीट चाललं आहे तिथली माणसं काढून दुसरीकडे लावायची हा उपाय नव्हे. गेली काही वर्षं आमच्या कक्षातूनच सिस्टर उचलल्या जातात, कारण म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत आणि त्यांचे नातेवाईक आमदारांना फोन लावत नाहीत. कंत्राटी मुलींचा करार संपला की मधे खंड पडतो, मग ती मुलगी खासगीत जाते, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून शिकवायला बसतो.

खाटा लवकर मोकळ्या होत नाहीत ही तुमची तक्रार. होत नाहीत, खरं आहे. पण त्यातले किती दिवस उपचाराचे असतात आणि किती दिवस वाट पाहण्याचे, हे कुणी विचारलं नाही. 102 ची गाडी मुख्यतः गरोदर आणि बाळंत बायांसाठी आहे, 108 तातडीच्या रुग्णासाठी. बरं होऊन घरी निघालेल्या, पण बसता न येणाऱ्या बाबांना पांदण रस्त्याच्या गावी पोचवायला कोणतीही गाडी नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, चांगली गोष्ट आहे, पण एसटीत आडवं झोपवून नेता येत नाही. खासगी गाडीचं भाडं जमेपर्यंत म्हातारा आमच्याकडे राहतो. तो दिवस आमच्या कक्षाच्या नावावर चढतो.

फिजिओथेरपिस्ट नाही. कक्षसेवक व्यायाम करून घेतो, मी दाखवलेले. तो मनापासून करतो, तरी ते त्याचं शिक्षण नाही.

साहित्याचं सांगू? मागणीपत्रात एअर बेड लिहिला की 'अत्यावश्यक नाही' म्हणून परत येतो. आहेत त्यांतल्या एकाचा पंप बंद आहे. कमोड खुर्ची एका शिक्षकांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिली, वॉकर एका बचत गटाने. डायपर नातेवाईक आणतात, नाहीतर जुन्या धोतरांच्या घड्या. औषधांचा पुरवठा निदान विचारला तरी जातो. खाटेजवळच्या या वस्तूंची विचारणाच होत नाही.

आणि उन्हाळा. विदर्भाचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे, पारा 45 च्या पुढे जातो. म्हातारपणी तहान कमी लागते, घाम कमी येतो, त्यात बीपी-हृदयाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी आणखी कमी करतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, येणारे आमचे निम्मे रुग्ण उन्हात गेलेले नसतातच, पत्र्याच्या घरात बसल्या जागी आजारी पडलेले असतात. आमच्या कक्षाला दोन कुलर आहेत. त्यांत पाणी भरायला कुणाची नेमणूक नाही म्हणून सिस्टर भरतात. वैद्यकीय कक्षाच्या व्हरांड्यात, जिथे जादा खाटा लावल्या जातात, तिथे कुलर पोचत नाही. आमचे रुग्ण तिथेच जाणार आहेत, कारण कक्षाच्या आतल्या खाटा नेहमीच भरलेल्या असतात. निर्णय घेताना त्या व्हरांड्यात दुपारी तीन वाजता कुणी उभं राहून पाहिलं का, एवढंच मी विचारते.

जास्त दिवस लागणाऱ्यांना जिल्ह्याला पाठवायचं म्हणता. राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम 2010-11 मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष धरलेला आहे. दहा खाटा, अख्ख्या जिल्ह्याला. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढचे लोक जवळपास दहा टक्के होते. आमच्या तालुक्यातून जिल्ह्याला जायला दीड-दोन तास लागतात. म्हातारी जिल्ह्याला गेली की तिच्यासोबत जाणाऱ्याची मजुरी, जाण्यायेण्याचं भाडं, तिथलं जेवण, हे सगळं घरावर पडतं. मी पाहिलेलं आहे, जिल्ह्याला न्या म्हटलं की निम्मे लोक घरी नेतात. "जे व्हायचं ते घरीच होऊ द्या, सिस्टर," म्हणतात. नागपूरला मेडिकलला किंवा सेवाग्रामला नेणारे त्याहून थोडे.

त्याच कार्यक्रमात ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस वृद्धांची ओपीडी, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तपासणी, आणि खाटेला खिळलेल्यांना उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन पाहायचं, असंही लिहिलेलं आहे. ते सगळं नीट चालत असतं तर आमच्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण आले नसते, हे मी खात्रीने सांगते. उपजिल्हा रुग्णालयात असा कक्ष ठेवलाच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही, हे मला ठाऊक आहे. पण आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण यासाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 20 वाचा. शासकीय रुग्णालयांनी शक्य तितक्या सर्व ज्येष्ठ नागरिकांना खाटा द्याव्यात आणि दीर्घकालीन आजारांच्या उपचाराच्या सोयी वाढवाव्यात, असं तिथे म्हटलं आहे. वाढवाव्यात असं. असलेल्या खाटा काढून घेणं त्यात बसत नाही.

2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आमच्याकडची काही माणसं त्या कार्डामुळे खुब्याचं ऑपरेशन करून आली, घर विकावं लागलं नाही. ऑपरेशननंतर त्यांना तिसऱ्या दिवशी उभं कोण करणार, हा प्रश्न कार्डाने सुटत नाही. तो आमच्या कक्षात सुटत होता.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

वृद्ध कक्ष बंद करण्याचा निर्णय स्थगित करावा आणि समितीच्या सभेत तो पुन्हा चर्चेला घ्यावा. त्या सभेत कक्षातल्या परिचारिकांना आणि दोन-चार नातेवाईकांना बोलू द्यावं.

आठही खाटा एकत्र राहाव्यात. जागा बदलायची असेल तर बदला, लहान खोली द्या, आमची हरकत नाही. खाटा विखुरल्या की टीम विखुरते.

कक्षातल्या सिस्टर, कक्षसेवक आणि आयाबाई यांची बदली एकाच वेळी करू नये. रात्री निदान एक परिचारिका आणि एक कक्षसेवक फक्त या कक्षासाठी असावेत, त्यांना दुसऱ्या कक्षात पाठवू नये. कंत्राटी परिचारिकांच्या करारात खंड पडू देऊ नका. अपघात विभाग आणि प्रसूती कक्षाला सिस्टर हव्यातच, त्यासाठी रिक्त पदांचा पाठपुरावा करा. त्या मागणीवर आम्ही सगळ्या सही करू.

फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोन दिवस तरी यावा. जिल्ह्याहून आला तरी चालेल.

एअर बेड, कमोड खुर्च्या, वॉकर, डायपर आणि कुलरची दुरुस्ती यांना रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून मंजुरी द्यावी. हा निधी स्थानिक गरजेसाठीच असतो आणि मागतो आहोत ती रक्कम मोठी नाही. कुलरमध्ये पाणी भरायची जबाबदारी नावानिशी कुणाला तरी द्यावी.

कक्षाचं काम मोजायचंच असेल तर खाटा किती दिवस भरल्या यावरून मोजू नका. किती जणांना बेडसोर झाला, किती जण पडले, किती जणांना बांधलं, चालत आलेल्यांतले किती चालत गेले, हे दर महिन्याला विचारा. आमच्या वह्या तयार आहेत. हेच आकडे सगळ्या कक्षांतून मागवा आणि ताडून पाहा.

सुट्टी होऊन घरी जाणाऱ्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी गाडीची सोय करावी आणि त्याच दिवशी गावच्या आशाताईला व एएनएमला (आरोग्यसेविकेला) फोन जावा. आशाताईंना कूस बदलणं आणि जखम ओळखणं शिकवायला मी माझ्या सुट्टीच्या दिवशी यायला तयार आहे.

तालुक्यातल्या सरपंचांना, बचत गटांना, ज्येष्ठ नागरिक संघांना आणि ज्यांची माणसं आमच्याकडे राहून गेली त्या कुटुंबांना विनंती: तुमचा अनुभव एका कागदावर लिहा आणि रुग्ण कल्याण समितीच्या नावे रुग्णालयाच्या आवक-जावक विभागात द्या. पोच घ्या. डॉक्टरांशी किंवा कर्मचाऱ्यांशी वाद घालू नका, कुणाला उलटं बोलू नका. ते या निर्णयाला जबाबदार नाहीत आणि उद्या तुमच्या घरच्या माणसाला तेच सांभाळणार आहेत.

महोदय, तुमच्यापैकी एकाने तरी निर्णय अमलात येण्याआधी एक रात्र कक्षात यावं, दहा ते सहा. पाहणीसाठी आगाऊ कळवायची गरज नाही, आम्ही काही झाडून-पुसून ठेवणार नाही. पहिली कूस रात्री दहाला बदलतात. दुसऱ्या बाजूने धरायला माणूस लागतोच.

या पत्राचं उत्तर लेखी मिळावं ही विनंती.

आपली विश्वासू,
परिसेविका, वृद्ध कक्ष
उपजिल्हा रुग्णालय